एकशे ब्याऐंशी व्होल्ट

मामांच्या मनगटावर घड्याळ कधी दिसलं नाही. जनरेटरच्या खोलीबाहेर त्यांचं एक लाकडी टेबल होतं आणि टेबलावर होल्डरला लटकवलेला तारेचा, पिवळा, शंभराचा बल्ब. भर उन्हातसुद्धा तो चालू असायचा. कोणी वेळ विचारली की मामा मान वर करून बल्बाकडे बघायचे आणि सांगायचे, "गिरणी सुरू झाली बघा. साडेधा झालं आसतील." आपण मोबाईल काढून बघावं तर साडेदहाला दोन-चार मिनिटं कमी-जास्त. बल्ब जरा लाल झाला की गावातली गिरणी, एकदम मिचकला की वेल्डिंगचं दुकान, आणि दमेकऱ्यासारखा खाली-वर व्हायला लागला की थ्री फेज आली, शेतावरच्या मोटरी पडल्या चालू. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाची बोअर आटली, हेसुद्धा ते बल्बावरून सांगायचे. त्यातलं निम्मं त्यांना चहाच्या टपरीवर आधीच कळलेलं असणार, असा माझा संशय होता. पण निम्मं खरंच बल्बावरून कळायचं.

मी त्यांच्या हाताखाली नव्हतो, ते माझ्या हाताखाली होते. माझं वय सव्वीस, त्यांचं साठीच्या आसपास. मी शिरूरहून डिप्लोमा करून न्हावऱ्याजवळच्या एका हॅचरीत सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा मामा तिथे अकरा वर्षांचे जुने होते. सगळेच त्यांना मामा म्हणायचे, अगदी मालकसुद्धा.

हॅचरी म्हणजे अंडी उबवायचा कारखाना. अठरा दिवस अंडी एका यंत्रात, शेवटचे तीन दिवस दुसऱ्यात, आणि एकविसाव्या दिवशी ट्रे भरभरून पिवळी पिल्लं. कोंबडीचं काम सगळं वीज करते. शेवटच्या तीन दिवसांत तर कवचाच्या आतली पिल्लं स्वतःच इतकी गरम होतात की त्यांना ऊब नको, वारा हवा असतो. पंखे थांबले की वीस-पंचवीस मिनिटांत आत नुसती भट्टी. म्हणून जनरेटर ठेवलेला, आणि जनरेटरसाठी मामा ठेवलेले.

जनरेटर दोन होते. मोठ्याला मामा 'थोरली' म्हणायचे, लहान राखीव होता त्याला 'धाकटी'. खोलीत जाताना चपला बाहेर. हा नियम त्यांनी मलाही लावला. मी म्हणालो, "मामा, विजेचं काम आहे, अनवाणी जाणं बरोबर नाही." त्यावर ते म्हणाले, "आनवाणी कोण म्हणतंय? आत येगळ्या हायत." खरोखरच आत रबरी चपलांचे दोन जोड ठेवलेले होते, एक त्यांचा आणि एक पाहुण्यांसाठी. रोज सकाळी वीज असो वा नसो, ते थोरलीला पाच मिनिटं चालवायचे. आधी तेल बघायचं, पाणी बघायचं, मग तिच्या अंगावर तळहात ठेवून म्हणायचं, "चल बाई, तोंड धुऊन घे." ती धडधडायला लागली की डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. त्या पाच मिनिटांत मालकांचा फोन आला तरी घेत नसत.

माणसांनाही ते व्होल्टेज लावायचे. मालक दोनशे तीस, "कवा हालत न्हाई." ट्रे धुणारी एक बाई सारखी रडायची, ती एकशे सत्तर. त्यांची स्वतःची बायको थ्री फेज. मी एकदा विचारलं, "आणि मी?" मामांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "तुम्ही दोनशे साठ. उजेड लई पडतो. पण बल्ब ऱ्हायाचा न्हाई." पिल्लं निवडणाऱ्या बायका खो खो हसल्या. मीही हसलो, पण मला ते लागलं होतं हे आज कबूल करायला हरकत नाही.

आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कोणाला इन्व्हर्टर बसवायचा असला तर मामांना बोलावणं असायचं. बॅटरीचं पाणी कसं बघायचं हे ते घरातल्या बाईलाच शिकवायचे, पुरुषांना नाही. "बापय इसरत्यात," म्हणायचे. मोबदला म्हणजे चहा. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र इन्व्हर्टर नव्हता. मामी माझ्यासमोर त्यांना बोलल्या होत्या, "गावाला उजेड वाटत्यात आन् आमच्यात मेणबत्ती." मामा शांतपणे म्हणाले, "घरी लाईट गेली का मला लगीच झोप येती. हितं कुठं मला जनरेटर लावायचा हाय?"

विसाव्या दिवशी ते एखादं अंडं कानाला लावायचे. "ऐका, ठोकतंय." मी कान लावला की मला काही ऐकू यायचं नाही. मामांनी अकरा वर्षांत कोंबडी खाल्ली नव्हती. माळकरी वगैरे काही नव्हते, बकऱ्याला त्यांची हरकत नसे. "ज्यास्नी वारा घातला त्यास्नी कसं खायाचं," एवढंच म्हणायचे.

तर अशा माणसाच्या जागी मी एक पेटी आणून बसवली.

ऑटो पॅनेल म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हती. व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेलं की पॅनेल आपलं आपण जनरेटर सुरू करतं, लाईन बदलतं, आणि वीज नीट आली की पुन्हा पहिल्यासारखं करून जनरेटर बंद करतं. बारा सेकंदांचा खेळ. मीच मालकांच्या मागे लागलो होतो. शिक्रापूरहून फिटर आला, दोन दिवसांत बसवून गेला. मामा दोन्ही दिवस त्याच्या शेजारी उकिडवे बसून होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ही चालू करायच्या आधी त्याल बघती का?" फिटर हसला.

फिटरने आकडा एकशे पंच्याण्णववर ठेवला होता. आमची लाईन शेतीच्या लाईनला चिकटलेली, त्यामुळे रोज मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज एकशे पंच्याण्णवच्या खाली येणार आणि थोरली धडधडणार. पहिल्याच महिन्यात डिझेल पूर्वीपेक्षा जास्त गेलं. मालक काही बोलले नाहीत, पण मीच वाचवायची भाषा केली होती, म्हणून मला झोंबलं. मी पॅनेल उघडून आकडा एकशे ऐंशीवर आणला. थोरली गप्प झाली. डिझेल कमी झालं आणि मालकांनी माझी पाठ थोपटली.

मामांना दुसऱ्याच दिवशी कळलं. बल्ब होताच. "सायेब, येकशे ऐंशी लई खाली झालं. लाईट जाती तवा पंख्याची मोटर नुसती थांबती. पर येकशे ऐंशीला ती वढत ऱ्हाती आन् आतनं जळती. गेलेली लाईट बरी, आर्धी लाईट वंगाळ."

मी म्हणालो, "मामा, ओव्हरलोड आहे ना. मोटर तापली की आपोआप सुटेल, बंद पडेल."

"मोटर वाचंल वो. पिल्लाचं काय?"

मी ऐकलं नाही. मग मामांनी आपला उपाय काढला. मोटरी सुरू व्हायची वेळ झाली की ते सरळ जाऊन मेन स्विच खाली ओढायचे. वीज गेली असं पॅनेलला वाटायचं आणि ते इमानदारीत थोरलीला उठवायचं. पंधरा दिवस हे चाललं होतं आणि मी हल्ली लाईट इतकी का जाते, डिझेल इतकं का जातं म्हणून डोकं खाजवत होतो. एके दिवशी मी त्यांना स्विचला हात घालतानाच पकडलं. मी आवाज चढवला. बायका ट्रे हातात घेऊन बघत उभ्या होत्या आणि मी साठीच्या माणसाला चोर पकडल्यासारखं बोलत होतो. वर एक कागद लिहिला की माझ्या परवानगीशिवाय मेन स्विचला कोणी हात लावायचा नाही. त्यावर मामांची सही घेतली. सही करताना ते म्हणाले, "सायेब, तुम्ही हितं नसला तर?"

"फोन करायचा," मी म्हणालो.

त्यानंतर त्यांनी माझा नंबर पाटीवर खडूने मोठा लिहून टेबलामागे टांगला.

मे महिन्यात माझ्या बायकोचं डोहाळजेवण होतं, दौंडला, तिच्या माहेरी. हॅचरीत त्या दिवशी विसाव्या दिवसाची अंडी यंत्रात होती. मी दुपारपुरता जाऊन यायचं म्हणून सकाळीच गाडी काढली. आता हे कार्यक्रम पूर्वीसारखे फक्त बायकांचे राहिलेले नाहीत. फोटोग्राफर होता, पाना-फुलांचा झोपाळा होता, माझ्या डोक्याला फेटा होता. दीड वाजता, फोटोग्राफर मला झोपाळ्यामागे उभं राहून हसायला सांगत असताना मामांचा फोन आला.

"सायेब, येकशे ब्याऐंशी हाय. खाली बी जाईना, वर बी येईना. दोन पंखं सुटलं. मी मेन वढू का?"

मागे गाणी चालू होती. मेहुण्या हसत होत्या. मला वाटलं, म्हातारा पुन्हा निमित्त शोधतोय. मी म्हणालो, "मामा, ऑटोवर आहे ना? खाली गेलं की पॅनेल घेईल. हात लावू नका." आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांनी पुन्हा आला. मी कट केला.

काय झालं ते मला नंतर बायकांनी सांगितलं. पंखे एकेक करून सुटत होते. मामा धावत जाऊन ते परत चालू करायचे, दोन मिनिटं चालून ते पुन्हा सुटायचे. बायकांनी यंत्रांची दारं उघडली, पुठ्ठ्यांनी वारा घातला. एकीने मला सांगितलं, "मामा सारखं त्या फोनकडं बघत व्हतं वो." एक बावन्नला त्यांनी मेन ओढला. बारा सेकंदांत थोरली सुरू झाली, पंखे लागले. पण त्याआधीची वीस-बावीस मिनिटं गेली ती गेली. दुसऱ्या दिवशी ट्रे बाहेर काढले तेव्हा निम्म्याहून जास्त अंडी फुटलीच नाहीत. काहींना चोच मारून छोटं भोक पाडलेलं होतं आणि त्याच्यापुढे काही नव्हतं. मामा ते ट्रे एकेक करून बघत होते, कोणी सांगितलं नसताना.

मालकांनी आम्हा दोघांना पॅनेलपुढे बोलावलं. पॅनेलला आठवण असते. केव्हा वीज कमी झाली, केव्हा गेली, केव्हा जनरेटर लागला, सगळं पडद्यावर दिसतं. मालकांनी बटण दाबून वाचलं. एक बावन्नला मेन बंद. मग जनरेटर चालू. त्याच्याआधी काहीच नव्हतं. कसं असणार? एकशे ब्याऐंशी हे एकशे ऐंशीच्या वर होतं, म्हणून पॅनेलच्या हिशेबी सगळं आलबेल होतं. आलबेल वीज चालू असताना एका माणसाने मेन ओढला, एवढंच त्यात लिहिलेलं होतं.

"मामा, लाईट चांगली होती. मेन कशाला वढला?" मालकांनी विचारलं.

"चांगली नव्हती मालक. पंखं सुटत व्हतं."

"ह्याच्यात तर काय दिसंना. तुम्हाला लिहून दिलं होतं ना, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही? साहेबांना फोन का नाही केला?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं दोन सेकंद, जास्त नाही. मला बोलायला तेवढे पुरेसे होते.

"लावला व्हता. लागला न्हाई," मामा म्हणाले.

मी खाली बघत होतो. समोर पॅनेल होतं, खिशात मोबाईल होता, आणि त्यात मामांचे दोन फोन होते, एक घेतलेला आणि एक कट केलेला. मी तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती, हे मला स्वच्छ दिसत होतं. घरी सातवा महिना चालू होता. ही कारणं आहेत, मी ती नाकारत नाही. पण त्या क्षणी मी बायकोचा वगैरे विचार केला नाही, मी फक्त घाबरलो होतो.

मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. वाईट शब्दांत नाही. मामांनी मान हलवली, खोलीत जाऊन दोन्ही रबरी जोड नीट लावून ठेवले, आपली पिशवी घेतली. फाटकाशी मी त्यांना गाठलं. काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हतं. तेच म्हणाले, "घरी येळंवर जात जा आता. दिवस भरत आलं की बायकांस्नी लई भ्या वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, मी पॅनेल उघडलं आणि आकडा एकशे पंच्याण्णववर नेऊन ठेवला. कोणाला सांगितलं नाही. आजवर तो तिथेच आहे आणि त्यानंतर आमचं एकही पिल्लू विजेपायी मेलेलं नाही. मालक लोकांना पॅनेल दाखवतात तेव्हा माझं नाव घेतात.

मामांचं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. वस्तीवर गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. म्हाताऱ्याने लहरीपणा करून हजारो पिल्लं मारली, चांगली वीज बंद केली. इन्व्हर्टरसाठी बोलावणारे थांबले. बॅटरी बिघडली तरी लोक न्हावऱ्यातून दुसऱ्याला आणायला लागले. टपरीवर त्यांना बघून कोणीतरी म्हणे, "मामा, बल्ब बघा जरा, आज कोणाची पिल्लं मरणार?" वर्षभरात त्यांनी तिथलं घर बंद केलं आणि दोघं मामींच्या भावाकडे कवठे येमाईला राहायला गेली.

मला तिथे जायला चार वर्षं लागली. न्हावऱ्याहून कवठे येमाई काही परदेशात नाही, दुचाकीवर दीड तासाचा रस्ता आहे. प्रत्येक दिवाळीला मी जायचं ठरवायचो. माझी मुलगी बोलायला लागली, बालवाडीत जायला लागली. गेल्या वर्षी मालकांनी मला मॅनेजर केलं, सगळ्यांना पेढे वाटले. मी घरी येऊन पेढ्याचा पुडा तसाच ठेवला आणि रविवारी गाडी काढली.

मामा अंगणात पोत्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. वाळले होते. मला बघून उठायला लागले, मी बसा बसा म्हणालो. मामी लगबगीने बाहेर आल्या, पदर सावरला, खुर्ची पुसून दिली. चहा टाकला. त्यांनी मुलीचं नाव विचारलं, फोटो बघितला, दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. मामा कमी बोलत होते. थोरली बरी आहे का, एवढं विचारलं. बरी आहे म्हणालो.

मामींनी कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सायेब, तुम्ही लई भले. येवढा घोटाळा केला ह्यांनी, तरी तुम्ही ह्यांच्या इरोधात चकार शबुद बोलला न्हाई. आवो, लाईट बंद करायच्या आधी नीट फोन लावायचा का न्हाई तुम्हाला? येकदा न्हाई लागला तर दुसऱ्यांदा लावायचा. मी ह्यास्नी रोज हेच म्हनती. आमच्या पोरीच्या लग्नात पावण्यांनी इचारलं तवा बी मी त्येंच्या म्होरंच म्हनलं, ह्यांच्या आडमुठेपणानं गेली नोकरी."

मामा शेंगा फोडत होते. "सायेब, चा घ्या, गार हुतोय," ते म्हणाले. पुढे काय येणार ते त्यांना कळलं होतं, हे मला आता समजतं. तेव्हा मला फक्त माझ्या छातीवरचं ओझं कळत होतं.

"मामी, फोन लागला होता," मी म्हणालो.

मग मी सगळंच सांगितलं. दोन फोन, दौंड, एकशे ऐंशीचा आकडा, दुसऱ्या दिवशी गुपचूप बदललेला. मामा एकदा "ऱ्हाऊ द्या ना" म्हणाले. मी थांबलो नाही. सांगता सांगता माझे डोळे भरून आले आणि खरं सांगतो, मला हलकं वाटायला लागलं होतं.

मामी माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या मामांकडे बघत होत्या. "तुम्ही मला बी न्हाई सांगितलं? मला तर सांगायचं व्हतं."

मामांनी आणखी एक शेंग उचलून फोडली.

"मी चार वरसं तुम्हाला बोलती. पावण्यांच्या म्होरं बोलले. तुम्ही गप बसून जेवत व्हता तवा." मामींनी हातातली चहाची किटली जमिनीवर ठेवली आणि त्या आत गेल्या.

मामांनी हातातल्या शेंगेतले दाणे ताटात टाकले. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी चिडलेले मी पाहिले नव्हते.

"सायेब, आता कशापायी काढलं हे? निभावलं व्हतं की मी. तिला वाटायचं, मानसाकडनं चूक झाली. बोलायची, इसरायची, पुन्हा बोलायची. चाललं व्हतं आमचं. आता ती काय काय बोलली त्ये येकेक आठवत बसंल. आन् ह्या वयात मी तिला कसं समजावू?"

"मामा, माझं चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं त्ये झालं. त्ये माझ्यापाशी व्हतं, माझ्यापाशी ऱ्हायाला काय हरकत व्हती?"

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. मी पोत्याशेजारी उभा होतो. थोडा वेळ वाट बघितली, बोलण्याचा, रडण्याचा काहीतरी आवाज येईल म्हणून. आतून दोघांपैकी कोणाचाच आवाज येत नव्हता.